ताण उतरवला आणि मीठ लांबू लागलं

सैंधव हाताला दगडासारखं टणक लागतं, पण सतत दाबाखाली ते संथपणे वाहतं. जमिनीखाली एक किलोमीटरवर वरच्या थरांचा दाब साधारण २२ मेगापास्कल असतो. तिथे मीठ विरघळवून केलेल्या पोकळीत नुसतं खारं पाणी भरलेलं असेल, तर आतून आधार मिळतो जेमतेम १२चा. मग भिंती आत सरकत राहतात. मिसिसिपीतल्या एमिनन्सला १९७०च्या दशकात वायू साठवायच्या एका पोकळीचं सुमारे ४० टक्के आकारमान असंच गेलं. म्हणून प्रयोगशाळेत मिठाचा नमुना दाबाखाली ठेवला की सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर: तो किती आखूड झाला?

नमुना करणं हेच निम्मं काम. लेथवर पाणी चालत नाही, कोरडंच तासायचं. जमिनीतून वर काढताना दाब सुटून मिठात बारीक भेगा पडतात, त्या मिटाव्यात म्हणून आधी चहूबाजूंनी दाब देऊन ठेवायचं. ही पायरी गाळणाऱ्यांचे आकडे मी मनावर घेत नाही. तापमान एका अंशाने हललं तरी २०० मिलिमीटरच्या नमुन्याची लांबी ८ मायक्रॉनने बदलते.

त्या दिवशी उभा ताण (नमुन्याला वरून खाली दाबणारा) आणि बाजूचा दाब यांतला फरक १४वरून ७ मेगापास्कलवर आणला. नमुना लगेच पन्नासेक मायक्रॉन लांबला. ही लवचिकता, अपेक्षितच. नंतर त्याने पुन्हा आखडायला हवं होतं, फक्त फार हळू: ताण निम्मा झाला की स्थिर वेग साधारण तिसाव्या हिश्शावर येतो. पण तो लांबतच राहिला.

"मॅडम, सेन्सर सरकतोय," धाकटा सहकारी म्हणाला. वरिष्ठांनी फोनवरच सांगितलं, शून्य करून पुन्हा सुरू करा. मी हात लावू दिला नाही. आलेख मनासारखा आला नाही की यंत्राला दोष देण्याची ही सवय मला सहन होत नाही. समोरासमोरचे दोन्ही सेन्सर तेच दाखवत होते, तापमान जागचं हललं नव्हतं, ताणही स्थिर होता. म्हणजे लांबत होतं ते मीठच. जास्त ताणाखाली स्फटिकांतल्या विस्थापनांची, म्हणजे अणूंच्या रांगांमधल्या दोषांची, दाटी होते आणि आत उलटा ताण साठतो. बाहेरचा ताण एकदम उतरला की हा आतला काही काळ वरचढ ठरतो.

पोकळीतही हेच घडतं. गळती तपासायला आतला दाब झटकन वाढवला की भिंती काही काळ बाहेर सरकू शकतात. पोकळी मोठी होते, दाब उतरतो आणि तो गळतीच्या खात्यात जमा होतो. चांगल्या पोकळीवर असा ठपका बसला तर तो पुसणार कोण?

हे सगळं सांगूनही यंत्र पुढच्या नमुन्यासाठी मोकळं करायला लावलं. नमुना तेव्हाही लांबतच होता, त्यामुळे उलटा फिरायला त्याला किती वेळ लागतो हे मोजायचं राहिलं. त्याच थरातला जोडीचा तुकडा मी कोरड्या डब्यात बंद करून ठेवला आहे आणि यंत्र दोन महिने सलग मिळावं म्हणून लेखी मागणी केली आहे. उत्तर आलेलं नाही.