आज्याची 'जर्मन' बत्ती

आमच्या घरी एक ग्यासबत्ती आहे. ती म्हणे आज्यानं जर्मनीची आणली होती, आणि हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की मागच्या दिवाळीत धानाच्या कोठीमागून ती काढली तेव्हा सगळ्यात पहिले पाहिलं काय, तं 'मेड इन जर्मनी' कुठं लिहिलंय का. लिहिलेलं होतं. तेलाच्या झाकणावर, बारीक अक्षरात. झालं, फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

मग टाकीवरचा हिरवा ऑइलपेंट खरवडला, आणि खाली निघालं 'प्रभात'. म्हणजे अस्सल देशी.

आमचं गाव वडस्याकडचं, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं. धान कापून झालं की शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्रभर नाटकं, दंडारी. लाईट यायच्या आधी हे सगळं बत्त्यांवर चालायचं, आणि आजा त्या भाड्यानं द्यायचा. भाड्याच्या बत्तीला कोण जपते? हिचं झाकण फुटलं तं तिचं लावलं, तिचा पंप गेला तं हिचा बसवला. देशी बत्त्या पेट्रोमॅक्स या जर्मन बत्तीच्याच नमुन्यावर बनलेल्या, म्हणून पार्ट एकमेकीत बसतात. त्यामुळं नुसत्या झाकणावरून बत्ती ओळखू नका, मी फसलो. झाकण हा सगळ्यात जास्त बदललेला पार्ट असतो, प्रेशरचा काटा त्यातच असतो आणि तोच पहिले बिघडतो. शिक्का पाहायचा तं टाकीवरचा.

आणि 'पेट्रोमॅक्स' हे एकाच कंपनीच्या बत्तीचं नाव बरं का, आपण कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसंच हे पण. बर्लिनच्या एहरिख अँड ग्रेट्झ कंपनीनं १९१० च्या सुमारास ही बत्ती काढली, मालकाचं नाव मॅक्स ग्रेट्झ, पेट्रोलियममधला पेट्रो आणि ह्याचा मॅक्स. टाकीवर '५०० सीपी' दिसलं की काही लोकं तेच मॉडेलचं नाव समजतात, ते कॅन्डलपॉवर आहे, म्हणजे उजेड किती ते. टाकी खरंच पितळेची का, याची सोपी टेस्ट म्हणजे चुंबक. पितळी टाकीला चिकटत नाही, वर निकेलचा पातळ मुलामा असला तरी ओढ जाणवत नाही. डोक्यावरच्या टोपीला चिकटलं तं घाबरू नका, ती बऱ्याचदा लोखंडीच असते.

आता दुरुस्ती. पितळ मी चिंचेच्या कोळानं घासलं आणि मधेच थांबलो. आरशासारखं चमकवून शोकेसमध्ये ठेवणारे ठेवोत बापा, मला पेटवायची होती.

पंप मारला तं हातात काहीच लागेना, नुसता खुळखुळा. आतली चामड्याची वाटी वाळून कडक झाली होती. एरंडेलात दोन दिवस भिजवली, बोटानं कडा फाकवल्या, जिवंत झाली. पण मग दुसराच तमाशा, पंप दाबला की दांडा आपोआप वर येते आणि मागून रॉकेल. याचा अर्थ पंपाच्या बुडाशी असलेला एकतर्फी व्हॉल्व्ह गेला. तो नळीच्या पार तळाशी बसलेला, साधा स्क्रू ड्रायव्हर पोचतच नाही, तेव्हा सायकलवाल्या दोस्तानं एक लांब सळाख घासून दिली. आतली रबराची चकती मी हुशारीनं सायकलच्या ट्यूबमधून कापली. चार दिवसांत ती रॉकेल पिऊन फुगली. रॉकेलमध्ये नायट्राईल रबर लागते, ट्यूबचं नाही चालत, हे आधी माहीत असतं तं पुन्हा खोललं नसतं.

मग टाकीत रॉकेल न टाकता नुसती हवा भरून बादलीत बुडवली. बुडबुडे एका जोडावरून येत होते, तिथं डाग देऊन घेतला. ही टेस्ट सोडू नका, गळकी टाकी आणि जळती बत्ती म्हणजे घर पेटवायचं काम. वरच्या नळीत कार्बन गच्च होता, तो तापवून आणि ठोकून काढला. ही नळीच बत्तीचा जीव आहे. खालून हवेच्या दाबानं रॉकेल वर चढते, नळीत तापून त्याची वाफ होते, वाफ निप्पलच्या बारीक भोकातून सुटते, सोबत हवा ओढते आणि मेंटलमध्ये, म्हणजे जाळीदार कापडी पिशवीत, जळते. मेंटलच नळीला तापवत राहते. म्हणून सुरुवातीला बाहेरून स्पिरिट जाळून तापवावं लागते.

आणि इथंच मी घाई केली. स्पिरिट पूर्ण जळू दिलं नाही, तेल सोडायची चक्री फिरवली, आणि वाफेऐवजी कच्चं रॉकेल वर आलं, पिवळा जाळ भप्पकन टोपीच्या वर. आई आतून ओरडली, "अबे पोट्ट्या, घर जाळतं का?" मी पहिले झाकणाचा स्क्रू ढिला करून हवा सोडली. जळता जळता अख्खं झाकण खोलायचं नाही, तेल भरायचं नाही, पेट्रोल तं नावच घ्यायचं नाही.

मेंटलबद्दल थोडं. १८८५ मध्ये कार्ल आउअर फॉन वेल्सबाख नावाच्या ऑस्ट्रियन माणसानं त्याचं पेटंट घेतलं, पुढं ९९ टक्के थोरियम ऑक्साईड आणि १ टक्का सिरियम हा मसाला जमला. कापड पहिल्यांदाच जळून जाते, उरतो तो राखेचा सांगाडा, आणि तोच उजेड देतो. बोट लागलं की गेला. जुन्या मेंटलची राख फुंकू नका, थोरियम थोडं किरणोत्सारी असते.

दुसऱ्यांदा निवांत तापवली. फस्स करून मेंटल पांढरं झालं आणि अंगणभर उजेड, पाखरं आली, शेजारचे पोट्टे आले. मोठे बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपले होते. पाऊण तासानं तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "दोन पंप मार बापू, आवाज बसला तिचा."

मला तं काहीच फरक वाटला नव्हता. काटा पाहिला, लाल खुणेच्या खाली उतरलेला. व्हॉल्व्ह अजूनही जरासा गळतेच, येत्या रविवारी पुन्हा खोलतो.