विठ्ठलातला ठ

बुधवार, रात्री साडेनऊ

शेगावची पालखी काल सोलापुरात आली. दरवर्षी मी इथून तिच्या मागं निघायचो, तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा करत पंढरपूरला. यंदा घरात आरशासमोर बसून ‘ट, ठ, ड, ढ, ण’ करतोय.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी आज नीट समजावलं. ही अक्षरं काढायला जिभेचं टोक वळून वर टाळूला लागावं लागतं. माझ्या जिभेची डावी बाजू भाद्रपदात कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये गेली. तिथं मनगटाजवळची कातडी लावली आहे. ती वळत नाही, पाव्हण्यासारखी नुसती पडून असते. सुरुवातीला तिच्यावर दोन-चार केससुद्धा उगवले होते, हातावरचेच ते. पुढं शेकात, म्हणजे रेडिएशनमध्ये, गळून गेले. बायकोला सांगितलं तर ती आधी हसली, मग स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

बाई म्हणाल्या, सरावाला तुमच्या रोजच्या तोंडातले शब्द लिहून आणा. वहीत लिहिलं: विठ्ठल, पांडुरंग, पंढरी, टाळ, दिंडी, वीणा. ळ पण तसाच अवघड, म्हणून माळ आणि तुळस. लिहिता लिहिता ध्यानात आलं, माझ्या देवाचा सगळा संसारच या अक्षरांत अडकलाय. विठ्ठल म्हणायला जातो तर ‘वित्तल’ निघतं. नाम मुखानं घ्यावं म्हणतात. मनात घेतलं तरी पोचतं, असं आमचे बुवा परवा म्हणाले. बुवांचा आवाज खणखणीत आहे, त्यांना म्हणायला काय जातंय.

माळ घातली तेव्हा मी १९ वर्षांचा होतो. मटण सोडलं, दारूला कधी शिवलो नाही. तंबाखू मात्र लूमवर रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून धरली ती २६ वर्षं सुटली नाही. एकादशीलासुद्धा चालायची, तंबाखूनं उपास मोडत नाही म्हणे! पुडीवर सडलेल्या तोंडाचा फोटो असतो. पुडी फोडताना तो मी तळहाताकडे करायचो. गालाच्या आत पांढरा चट्टा आला तेव्हाही बार दुसऱ्या बाजूला धरला, एवढीच काय ती काळजी घेतली. त्यामुळं देवावर रुसायला मला तोंडच नाही.

भेटायला येणाऱ्यांना तेवढी अडचण नसते. एक म्हणतो, “माळकरी माणसाला असं कसं झालं?” दुसरा म्हणतो, “माळ होती म्हणून वाचलास.” माळ तेव्हा गळ्यात नव्हतीच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी उतरवली. नंतर ३० शेक, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. जाळीचा मुखवटा तोंडावर-गळ्यावर घट्ट बसवून टेबलाला खटके लावतात, मान हलता कामा नये. खाली गळ्याची कातडी भाजल्यासारखी सोलली. आता ती बरी झाली आहे. माळ अजून देव्हाऱ्याच्या खणातच आहे.

शेकाच्या बाकावर शेजारी एक पोरगी असायची. कॉलेजातली. तिलाही जिभेचाच, आणि तिनं कधी सुपारीचं खांडसुद्धा चघळलं नव्हतं. तिची आई मांडीवर पोथी उघडून बसायची. मुलीला आत नेलं की वाचायची, बाहेर आली की मिटायची. एका सोमवारी त्या दोघी आल्या नाहीत, मंगळवारीही नाही. मी कुणाला विचारलं नाही, विचारायचा धीर झाला नाही. माझा हिशेब मला कळतो. तिचा कसा लावायचा? प्राक्तन, मागच्या जन्मीचं काहीतरी, हे सगळं मी कीर्तनात मान डोलवत ऐकलंय. त्या बाकावर बसून ऐकवेना. माळ घ्यायला खणाकडं हात जातो तेव्हा ती मिटलेली पोथी आठवते आणि हात मागं येतो.

हॉस्पिटलबाहेर माझं बोलणं सगळ्यात आधी कारखान्यात कळलं. लूमच्या खडखडाटात तिथं आवाज कुणी ऐकतच नाही, सगळे ओठ बघतात. माझे ओठ शाबूत आहेत. गेल्या महिन्यात भेटायला गेलो तर जुना जोडीदार लांबूनच म्हणाला, “काय जॉबर, चहा?” मी ‘अर्धा’ म्हटलं, त्याला बरोबर कळलं.

बायको संध्याकाळी पालखीचं दर्शन घेऊन बुंदी घेऊन आली. गोड अजून लागत नाही, थुंकीही कमी, वाळू चावल्यासारखं झालं. दोन घोट पाण्याबरोबर गिळली. शेंगाचटणीचं तर नावच नको.

जेवणानंतर मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून बसलो. बाईंनी सांगितलंय, एक शब्द तीस वेळा, सावकाश. विठ्ठल निवडला, कारण त्यात ठ जोडून येतो, सराव चांगला होतो. वित्तल, वित्तल, वित्थल. सातव्या-आठव्या खेपेला पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला, “विठ्ठल, विठ्ठल.” तिला वाटलं मी नामाला बसलोय. व्यायाम आहे म्हणून सांगणार होतो, सांगितलं नाही. तीस झाले, मी थांबलो. तिचं चालूच होतं. रेकॉर्डिंगही बंद करायचं राहून गेलं.

उद्या बाईंना ते ऐकवावं लागणार.