शाळा सोडण्याचे कारण

आमच्या वाडीतल्या शाळेला शंभर वर्षं झाली, की एकशे दहा, की नव्वदच, यावर गावात एकमत नाही. उत्सव मे महिन्यात करायचा, यावर मात्र आहे. मेमध्ये चाकरमानी गावात असतात आणि त्यांच्याशिवाय मांडवाचा खर्च निघत नाही. उत्सव म्हटला की स्मरणिका आली. स्मरणिकेत ‘शाळेचा इतिहास’ हवा, आणि तो माझ्या गळ्यात पडला. ‘तू लिवतंस मां पेपरात? मगे दोन पानां लिव. वाचता कोण!’ असा अध्यक्षांनी धीर दिला.

म्हणून एप्रिलच्या शेवटाला एका दुपारी शाळेत गेलो. सकाळची शाळा सुटून गेली होती. व्हरांड्यात कुणाची तरी एकच चप्पल राहिली होती. (एकच. दुसरी पायात घालून पोर घरी कसं गेलं असेल, हा विचार मला अजून सोडत नाही.) बाई घाटावरच्या, तीन वर्षांपूर्वी बदलून आलेल्या. रजिस्टर बघायचंय म्हटल्यावर त्यांनी सवयीने विचारलं, ‘सदुसष्टच्या आधीचं पाहिजे ना?’ म्हणजे जात पडताळणीचं. १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीची आज्याची नोंद शोधत लोक येतात, उतारा घेऊन जातात, आणि त्यानंतर शाळेकडे फिरकत नाहीत. मी म्हटलं, मला सगळंच पाहिजे. बाईंनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि कपाट उघडलं.

लोखंडी कपाट, खालच्या खणात लाल फडक्यात बांधलेली रजिस्टरं, डांबराच्या गोळ्यांचा वास. एक नंबरच्या रजिस्टरची पहिली दहा-बारा पानं नाहीतच, नुसती बांधणीतली दोऱ्याची टोकं. शाळेचं स्थापना साल वाळवीच्या पोटात गेलंय. त्यामुळे भांडायला गाव मोकळा.

तरी थोडं काही लागतं हाताला. त्याआधी म्हणे देवळाच्या पडवीत पंतोजी बसायचे, धुळीवर अक्षरं गिरवून घ्यायचे, आणि घराघरातून पायली-दोन पायल्या भात न्यायचे. १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षण खातं निघालं. ते आमच्या खाडीपर्यंत पोचायला केवढा वेळ लागला असेल, ते खाडीला माहीत. पुढचं सगळं शिक्क्यांवरून वाचता येतं. आधी लोकल बोर्ड. मग १९२३च्या कायद्यानंतरचं जिल्हा स्कूल बोर्ड, रत्नागिरी. १९६२पासून जिल्हा परिषद, रत्नागिरी. आणि १९८१च्या मे महिन्यात एका रात्रीत जिल्हा परिषद, सिंधुदुर्ग. मी तेव्हा पहिलीतून दुसरीत जात होतो. गाव जागचा हलला नाही, शाळा हलली नाही, फक्त आमचा जिल्हा बदलला, आणि मास्तरांनी उरलेल्या जुन्या छापील कागदांवर ‘रत्नागिरी’ खोडून वर ‘सिंधुदुर्ग’ लिहायचं काम वरच्या वर्गातल्या बऱ्या अक्षराच्या पोरांना दिलं. माझं अक्षर तेव्हाही बरं नव्हतं.

शाळा पूर्वी झापांची होती, दर उन्हाळ्यात शाकारायची. नंतर चिऱ्याची झाली, वर मंगलोरी कौलं आली. जमीन मात्र आमच्या वेळेपर्यंत शेणाची. शनिवारी मुलग्यांनी शेण आणायचं आणि मुलींनी सारवायचं, हे कोणी ठरवलं होतं कोण जाणे, पण कुठल्याही वेळापत्रकापेक्षा ते कडक होतं. दारावर पाटी होती ‘जीवन शिक्षण मंदिर’. हे नाव कुठून आलं ते आम्हाला कळायचं कारण नव्हतं. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने परिषद झाली, हाताला काम देणारं शिक्षण हवं असं ठरलं, आणि त्याचं आमच्यापर्यंत पोचलेलं टोक म्हणजे कपाटावरची टकळ्यांची पेटी. सूत कातणं केव्हाच बंद पडलेलं. पावसाळ्यात मैदानाचं तळं व्हायचं तेव्हा आम्ही त्या टकळ्या भोवऱ्यासारख्या फिरवायचो. चांगल्या फिरायच्या.

आणि घंटा. घंटा म्हणजे उंडीच्या झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. कोकणात पहिल्यापासून शेवटपर्यंत रेल्वे धावायला १९९८ उजाडलं, पण रुळाचा तुकडा आमच्या शाळेत आज्याच्याही आधीपासून लोंबत होता. परळच्या रेल्वे कारखान्यात कामाला असलेल्या कुणी तो आगबोटीतून आणला, असं म्हणतात. बोटीवर त्याने एवढं वजन कसं चढवलं, आणि मुख्य म्हणजे कारखान्याच्या गेटवर काय सांगितलं, हे स्मरणिकेत घालू नये असं अध्यक्षांचं मत आहे.

तर रजिस्टर. आधी जन्मतारखांचा रकाना बघत बसलो, कारण तो करमणुकीचा. पानंच्या पानं एक जून. अर्धा गाव एकाच दिवशी जन्मलेला. पोराला घेऊन बाप यायचा. पोर कधी झालं तर ‘मोठ्या वादळाच्या साली’ किंवा ‘पाडी व्याली तेवा’. मग मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण, तारीख एक जून. माझ्या बाबांच्या वर्गातल्या लांब हातांच्या पोरांना पुढे पेन्शन लवकर लागली.

तोंडाकडे बघून वय ठरवायची ही खोड जुनीच. दापोलीकडच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे १८७५ साली सहावीच्या परीक्षेसाठी कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेले, शंभरावर मैल. तिथे परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी एकदा त्यांच्या अंगकाठीकडे पाहिलं, हा सतरा वर्षांचा नाही म्हणाले, आणि परत पाठवलं. सतरा पूर्ण होती. पुढे हाच माणूस एकशेचार वर्षं जगला. वयाच्या बाबतीत त्यांनी साहेबाला दिलेलं ते उत्तर असावं, असं मला उगाच वाटतं.

वर्तणुकीच्या रकान्यात सगळे ‘चांगली’. सगळे म्हणजे सगळे. मास्तरांच्या छत्रीत बेडूक सोडणारा आमच्या वर्गातला एक जण आहे, तोही ‘चांगली’. मी पण ‘चांगली’. छत्री धरून उभा मी होतो.

मग डोळा शेवटच्या रकान्यावर गेला. ‘शाळा सोडण्याचे कारण.’ इथे मी अडकलो, आणि इतिहास तिथेच राहिला.

जुन्या पानांवर कारणं मोजकी. गुरे राखण्यास. वडिलांबरोबर होडीवर. लग्न झाले (वय बघू नका). सतत गैरहजर, नाव कमी केले. एका ठिकाणी नुसतं ‘मयत’, अक्षर नेहमीपेक्षा बारीक. आणि सगळ्यांत जास्त वेळा: मुंबईस गेला. मुंबईस गेला, मुंबईस गेला, मुंबईस गेला. पान उलटलं तरी तेच. बाजूच्या तारखा बघितल्या तर एकतर मे अखेर, नाहीतर गणपतीनंतर. मधल्या पावसाच्या महिन्यांत कोणी मुंबईला जात नाही. आगबोट पावसाळ्यात बंद असायची ना. म्हणजे चौथीतल्या पोराचं शिक्षण किती, हे बोटीचं वेळापत्रक ठरवायचं. मे चुकला तर पोराला आणखी तीन महिने शाळा मिळायची. त्या तीन महिन्यांत कोणी अपूर्णांक शिकला असेल.

हे मुंबईचं पाणी एकदाच उलटं वाहिलेलं दिसतं. १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतरच्या पानांवर वर्षाच्या मधेच दाखल झालेली पोरं आहेत. पूर्वीची शाळा: मुंबई महानगरपालिका. मला ती पोरं आठवतात. एक लालबागचा माझ्याच बाकावर आला. कॅनव्हासचे बूट घालून आला होता, पहिल्याच पावसात ते भरून गेले आणि वर्गभर पच्याक पच्याक वाजायला लागले. आम्ही हसलो. त्याने बूट काढून खिडकीत ठेवले आणि परत कधी घातले नाहीत. तो ‘मला’ म्हणायचा, आम्ही ‘माका’. दिवाळीपर्यंत तोही ‘माका’ म्हणायला लागला. त्याचे बाबा आमच्या घरी येऊन पडवीत बसायचे, माझ्या बाबांशी बोलायचे, म्हणजे बोलायचे नाहीत, बसायचे. संप मिटला की परत जाऊ, असं ते पहिल्या वर्षी सांगत. त्या पोराच्या ओळीत ‘शाळा सोडण्याचे कारण’ आहे: पुढील शिक्षणासाठी. माझ्याही ओळीत तेच आहे. मला ते वाचून बरं वाटलं, उगाच का असेना.

बाई मधेच चहा घेऊन आल्या. आता पट नऊ आहे म्हणाल्या. पुढच्या वर्षी दोघं चौथीतून जातील, एकाच्या येण्याची बोलणी चालू आहेत. लग्नाची चालावीत तशी.

आणि मग दोन नंबरच्या रजिस्टरमध्ये, १९५०च्या पानावर, मला माझी आते सापडली.

आते म्हणजे बाबांची थोरली बहीण. ऐंशीच्या पुढे आहे, आमच्याच घरात राहते. लग्न एका वर्षात संपलं, तेव्हापासून इथेच. घर शाळेपासून शंभर पावलांवर. बाबा १९५०च्या माघात झाले, आजी बाळंतपणातून उठली ती अर्धीच, आणि तिसरीतली ही मुलगी पाळण्यापाशी बसली. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे इतकं माहीत की कोणी बोलत नाही. शाळा तिला घरबसल्या ऐकू मात्र यायची. कौलांवर पाऊस पडायला लागला की मास्तरांचा आवाज बुडायचा, मग ते सगळ्या वर्गाला एकसुरात पाढे म्हणायला लावायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. ते सगळं शंभर पावलं ओलांडून पाळण्याशी यायचं. आजही मासेवाली दारात बसून हिशेब घालते तेव्हा माझा हात खिशातल्या मोबाईलकडे जायच्या आत आते ‘सात अडीच साडेसतरा’ म्हणून मोकळी होते.

पानावर तिच्या वरती चार मुलगे. पहिल्याच्या ओळीत, उतरत्या वळणदार अक्षरात: मुंबईस गेला. त्याखालच्याला दोन बारक्या रेघा, म्हणजे वरीलप्रमाणे. त्याखालच्याला दोन रेघा. त्याखालच्यालाही. आणि पाचवी ओळ आतेची, तिथेही त्याच दोन रेघा. मास्तर वर्षअखेरीला नावं कमी करत बसले असतील, उकाडा असेल, टाक चालता असेल. शाईचा एक थेंब दुसऱ्या रेघेच्या शेपटीशी पसरलाय.

मी त्या रेघांवरून बोट फिरवलं. बाई म्हणाल्या, ‘उतारा हवाय का?’ मी नको म्हटलं.

घरी आलो तर आते अंगणात सोलं वाळत घालत होती. हात कोपरापर्यंत लाल. कुठे होतो विचारलं, सांगितलं.

‘माझा नाव असा काय रे त्या बुकात?’

‘असा.’

‘सोडलंय कित्याक, ता लिवलला असा?’

खोटं सांगायचं सुचलं नाही. ‘मुंबयक गेलंस म्हणान लिवलला असा, गो आते.’

ती हसली. इतकी हसली की पदराने डोळे पुसायला गेली आणि हात लाल आहेत हे आठवून थांबली. मुंबई तिने एकदाच पाहिली आहे, बाबांच्या ऑपरेशनला, तीही हॉस्पिटलच्या खिडकीतून. थोडा वेळ एकेक सोल उलटं करत राहिली.

‘मगे परत कधी इलंय, ता?’

‘तसो रकानो नाय गो त्यात.’

‘मगे कसला रजिष्टर ता,’ म्हणाली, आणि ऊन सरकलं होतं म्हणून सूप उचलून पलीकडे गेली.