आमच्या गावची ग्रामसभा

आमच्या गावात घंटागाडी येत नाही. आपला कचरा आपणच गाडीत भरून शनिवारी डंपवर न्यायचा. बॉस्टनच्या पश्चिमेला या गावात राहायला आलो तेव्हा मला हा शुद्ध छळ वाटला होता. आठ वर्षांनी सांगते, माझ्या इथल्या निम्म्या ओळखी डंपवरच्या आहेत. काच एका डब्यात, पुठ्ठा दुसऱ्यात टाकता टाकता कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कोणाचा मुलगा परत आई-बापांकडे राहायला आला, सगळं कळतं. बाजूला एक शेड आहे. नको असलेल्या पण धड वस्तू तिथे ठेवायच्या, ज्याला हव्या त्याने न्यायच्या. हे लिहितेय ते टेबल तिथलंच.

मॅसॅच्युसेट्सच्या लहान गावांत अजून 'ओपन टाउन मीटिंग' भरते. आपली ग्रामसभाच म्हणा. गावचं बजेट, नियम, अग्निशमनाची नवी गाडी, सगळ्यावर नोंदणी केलेले मतदार स्वतः येऊन मत देतात. शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्या आणि हातात रंगीत कार्ड. मताचा हक्क नसलेल्यांना वेगळ्या कोपऱ्यात बसवतात. मी कित्येक वर्षं त्या कोपऱ्यातून फुकटची करमणूक बघितली. यंदा नागरिकत्व मिळाल्यावर पहिल्यांदाच कार्ड हातात आलं, आणि नेमका विषय निघाला गावाच्या वाढीचा.

२०२१ च्या राज्याच्या कायद्यानुसार बॉस्टनच्या लोकल-बस सेवेशी जोडलेल्या १७७ गावा-शहरांनी निदान एका भागात तरी अनेक कुटुंबांच्या इमारतींना वाट मोकळी करून द्यायची आहे. इमारती बांधाच असं सरकार म्हणत नाही, आडकाठी करू नका म्हणतं. तरी गावोगाव भांडणं झाली. जानेवारी २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण त्याने मनं थोडीच वळतात.

विरोध करणाऱ्यांचे मुद्दे खोटे नव्हते. आमच्याकडे गटारयोजना नाही, घराघराची आपापली सेप्टिक टाकी. शाळेचा बराचसा खर्च घरपट्टीतून निघतो, आणि घरपट्टीची एकूण वसुली वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवायला १९८० पासून गावाचं मत घ्यावं लागतं. नव्या बांधकामाची पट्टी या मर्यादेबाहेर धरतात, हे मात्र माइकवर कोणी फारसं बोललं नाही.

मग आपल्यातलेच एक गृहस्थ उठले. तीन वर्षांपूर्वी शाळा चांगली म्हणून आलेले. म्हणाले, "गावाचं गावपण टिकलं पाहिजे." मला हसू आलं, आणि लगेच ओशाळल्यासारखंही झालं. कारण आमची गल्ली आहे तिथे पूर्वी सफरचंदांची बाग होती. शेजारच्या आजोबांनी (त्यांना मी नावानेच हाक मारते, पण मराठीत तसं लिहायला हात धजावत नाही) तेव्हा या घरांना कडाडून विरोध केला होता. त्यांनीच सांगितलंय मला. आणि आमच्या पहिल्या हिवाळ्यात, आम्हाला फावडंसुद्धा नीट धरता येत नव्हतं तेव्हा, आमच्या दारातला बर्फ त्यांनीच उपसला होता.

मतदान उघड असतं. माझ्या पुढच्याच रांगेत आजोबा. "बाजूने" म्हटल्यावर मी कार्ड वर केलं. ते मागे वळून बघतील असं वाटलं नव्हतं. ठराव जेमतेम पास झाला. अशा ठरावाला पूर्वी दोन तृतीयांश मतं लागत, आता साधं बहुमत पुरतं. जुन्या नियमाने आपटला असता.

शनिवारी डंपवर एक जुनं कपाट गाडीतून काढताना माझी तारांबळ उडाली होती. आजोबांनी येऊन दुसरं टोक धरलं.

"तुझं कार्ड दिसलं मला," म्हणाले.

मी काहीच बोलले नाही. शेडपाशी कपाट टेकवून त्यांनी दार उघडझाक करून बघितलं. बिजागरी ढिली होती. ते त्यांच्या गाडीतून स्क्रूड्रायव्हर आणायला गेले.