नव्या कामगाराचा पहिला महिना: आमच्या कारखान्यात आम्ही काय काय करतो

आमचा कारखाना नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आहे. वाहनांचे सुटे भाग मशीनवर तयार होतात, माणसं साधारण दीडशे. नव्याने येणाऱ्यांना रुजू करून घेण्याचं काम माझ्याकडे आहे. त्यात जे पक्कं बसलंय ते इथे लिहिते. स्वागताला गुलाबाचं फूल आम्हीही देतो, पण माणूस टिकतो तो त्याच्या मापाचे बूट तयार असले, जेवायला कुणीतरी सोबत असलं आणि पहिला पगार त्याच्या हिशोबाशी जुळला म्हणजे.

सुरुवात गेटपासून होते. आदल्या संध्याकाळी येणाऱ्याचं पूर्ण नाव, वेळ आणि त्याला घ्यायला कोण येणार हे कागदावर लिहून सुरक्षारक्षकाच्या टेबलावर ठेवते. व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, कारण सकाळी सातला ड्युटी बदलते आणि मेसेज रात्रीच्या रक्षकाच्या फोनमध्येच राहतो. मग नवा माणूस अर्धा तास बाहेर उभा, हातात डबा, आणि आत कुणाला पत्ता नाही. तो अर्धा तास पुढे महिनाभर भरून निघत नाही.

रुजू होण्याचा वारही विचार करून ठरवते. अंबड-सातपूरमधल्या अनेक कारखान्यांसारखी आमचीही साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, म्हणजे आठवडा रविवारी सुरू होतो. त्या दिवशी बँका बंद असतात आणि सुपरवायझर मशीन सुरू करण्यात गुंतलेले असतात. म्हणून मंगळवार किंवा बुधवार. सातपूरच्या दुसऱ्या युनिटसाठी श्रावणातला तिसरा सोमवार कटाक्षाने टाळते. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराला फेरी घालणाऱ्यांच्या गर्दीने त्र्यंबक रोडवर वेळेत पोचणं अवघड होतं, आणि पहिल्याच दिवशी उशीर झाल्याची लाज वाटते ती वेगळीच.

आठ दिवस आधी फोन करते. बुटाचा नंबर, शर्टाचं माप, राहण्याची सोय, येण्याचं साधन, एवढंच विचारायचं. सेफ्टी शूज सहा ते दहा नंबरचे स्टोअरमध्ये असतात. चार-पाच नंबर मागवावे लागतात, आणि ते नेमके मुलींना लागतात. "तोवर जुने घाला" असं सांगितलं, तर सुरक्षेचे नियम इथे किती पाळतात याचा धडा पहिल्याच दिवशी चुकीचा मिळतो. सुती गणवेश धुतल्यावर आटतो, म्हणून माप थोडं सैल घ्यावं. मुलगी येणार असेल तर बदलण्याच्या खोलीची कडी आणि लॉकरची किल्ली आदल्या दिवशी मी स्वतः लावून बघते.

पत्ता पाठवताना नुसता प्लॉट नंबर देत नाही. एमआयडीसीत प्लॉट नंबर ओळीने सापडतीलच असं नाही आणि मॅपचा ठिपका कधी मागच्या गल्लीत नेतो. निमाणी, सीबीएस किंवा नाशिकरोडहून कोणती सिटीलिंक बस, उतरायचं गरवारे पॉइंटला की एक्सलो पॉइंटला, तिथून चालत किती मिनिटं, हे मराठीत लिहून पाठवते. बाहेरगावचा असेल तर चुंचाळे, अंबड गाव, सिडकोत उत्तमनगर-पवननगर या भागांत खोली बघायला सांगते. जवळची एखादी मेसही सुचवते.

सगळ्यात जास्त घोळ कागदपत्रांत होतो, आणि तो निस्तरायला लागणारा वेळ आधीच धरावा लागतो. दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नावच नाही, लग्न झालेल्या बाईंचं आधार सासरच्या नावाने आणि बँक खातं माहेरच्या. नावं जुळली नाहीत की पीएफची केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, अडकते. दुसरी अडचण मोबाइलची. नवा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आता सरकारच्या उमंग ॲपवर चेहरा पडताळून काढावा लागतो. त्याला आधार फेस आरडी हे ॲपही लागतं आणि ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. खेड्यातून आलेल्या मुलाच्या आधारला बऱ्याचदा वडिलांचा नंबर असतो, आणि वडील त्या वेळी शेतात असतात. म्हणून "आधारला कोणता नंबर आहे?" हा प्रश्न आठ दिवस आधीच्या फोनमध्येच विचारून घेते, म्हणजे आधार केंद्रावर जायला वेळ मिळतो.

तिसरी गोष्ट पासबुकाची. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली, तरी जुनी पासबुकं अजून कपाटातून निघतात. त्यावरचा आयएफएससी (शाखेचा कोड) टाकला तर पगार परत येतो. म्हणून चालू चेक किंवा बँकेच्या ॲपमधला कोड घ्यावा.

"आधी पीएफ होता का?" याला पुष्कळ जण घाईने नाही म्हणतात. आधीची कंपनी नोटीस न देता सोडलेली असते आणि चौकशी होईल अशी भीती असते. मग एकाच माणसाचे दोन यूएएन होतात आणि जुने पैसे तिकडेच पडून राहतात. मी आधी हे सांगते की प्रश्न त्यांच्या पैशासाठी आहे. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला ती पोर्टलवर स्वतः भरता येते. हे कळलं की खरं उत्तर येतं. ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, नोंद दहा दिवसांच्या आत करायची असते. आम्ही ती पहिल्याच दिवशी करतो, आई-वडील आणि मुलांच्या नावांसकट, आणि ई-पहचान पत्र छापून हातात देतो. सातपूरचं ईएसआय रुग्णालय कुठे आहे तेही तेव्हाच सांगते, आजारी पडल्यावर नाही.

पहिल्या दिवशी कागदांना एक तास, त्याहून जास्त नाही. हजेरीच्या मशीनवर दोन्ही हातांची दोन-दोन बोटं नोंदवते, कारण शेतीकाम किंवा कूलंटमुळे (मशीनवर वापरायचं थंड ठेवणारं द्रव) रेषा झिजलेल्या असतात आणि एकच बोट नोंदवलं की रोज रांग अडते. मग ओळख. चाळीस जणांशी हात मिळवून एकही नाव लक्षात राहत नाही. सहाच माणसं पुरतात: सुपरवायझर, जोडीदार, स्टोअरचे भाऊ, क्वालिटीवाले, कँटीनच्या मावशी आणि गेटवरचे काका. त्यानंतर शॉप फ्लोअरवर इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण, आगीच्या वेळी जमायची जागा, प्रथमोपचार पेटी. बटण नुसतं दाखवत नाही, मेंटेनन्सवाल्यांना उभं करून नव्या माणसाच्या हाताने दाबून घेते. एकदा दाबलेलं असलं की खऱ्या वेळेला हात कचरत नाही.

जेवणाची सुट्टी हा दिवसातला सगळ्यात नाजूक वेळ. गट ठरलेले, बाकं ठरलेली, आणि नवा माणूस डबा घेऊन हात धुण्याच्या नळापाशी रेंगाळतो. सुट्टीच्या पाच मिनिटं आधी जोडीदाराने त्याच्या जागेवर जाऊन "चला" म्हणायचं, हे आमच्याकडे लिहून ठेवलेलं काम आहे. पहिल्या दिवशी कँटीनचं कूपन आमचं, कारण कुणी डबा आणायचा की नाही या संभ्रमात काहीच आणत नाही.

दुपारी एक छोटं काम पूर्ण करायला देतो: वीस तयार नग व्हर्नियरने (जबड्यांच्या मोजपट्टीने) मोजायचे, आकडे लिहायचे, मग जोडीदाराने तेच मोजायचे. ०.०२ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर दोघांनी मिळून कारण शोधायचं. बहुतेक वेळा जबडा तिरका धरलेला असतो किंवा दाब जास्त पडलेला असतो. एकही नग खराब होत नाही आणि माणूस घरी जाताना "आज मी हे केलं" असं सांगू शकतो. दिवसभर व्हिडिओ दाखवत बसवलं तर घरी सांगायला काही उरत नाही.

जोडीदार निवडणं ही या कामातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पंधरा वर्षं झालेला कारागीर हुशार असतो, पण नव्याला काय माहीत नाही हेच तो विसरलेला असतो. एक ते तीन वर्षं झालेला, त्याच शिफ्टचा, त्याच वेळी जेवणारा माणूस घ्यावा. सुपरवायझरला जोडीदार करू नये. ज्याच्या हातात आपला अहवाल आहे त्याला "हे पुन्हा सांगता का?" असं विचारायला जीभ रेटत नाही. आणि जोडीदाराचं टार्गेट दोन आठवडे दहा टक्के कमी धरावंच लागतं. नाहीतर प्रत्येक प्रश्नाला त्याचे नग कमी होतात, तो तुटक बोलायला लागतो आणि नवा विचारणं बंद करतो. रिजेक्शन, म्हणजे नापास होणारे नग, वाढतं ते तिथून, मशीनमधून नाही.

बोलण्याची पद्धतही आम्ही ठरवली आहे. वीस वर्षांच्या मुलालाही पहिल्या दिवसापासून "तुम्ही". पुढे दोघांची ओळख झाली की ते एकमेकांना काय म्हणतात हा त्यांचा प्रश्न. साक्री-शिरपूरकडच्या मुलाच्या अहिराणीची नक्कल आणि त्यावरून पडणारं टोपणनाव तिथल्या तिथे थांबवावं लागतं, कारण पहिल्या आठवड्यात चिकटलेलं नाव वर्षानुवर्षं निघत नाही. सुरगाणा-पेठकडून आलेली मुलं सुरुवातीला कमी बोलतात. ते "समजलं नाही" असं धरू नये. करून दाखवायला सांगा, हात बरोबर चालतात. महिलांना लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीतल्या ताईंची प्रत्यक्ष ओळख करून देते. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे २०१३ च्या कायद्याने ही समिती बंधनकारक आहे, पण फलकावरच्या नावाला कुणी फोन करत नाही, ओळखीच्या चेहऱ्याला करतं.

पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी दहा मिनिटं बोलते. "काही अडचण?" याचं उत्तर कायम "नाही मॅडम" असंच येतं. त्याऐवजी विचारते: काल जेवायला कुणाबरोबर बसलात? कोणती गोष्ट दोनदा विचारावी लागली? सेकंड शिफ्टनंतर घरी कसे जाता? शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ काही कळतं. रात्री उशिरा बस मिळेलच असं नसतं, आणि गाडी नसलेला माणूस कुणाला न सांगता रोज पायी जात असतो. त्याच वाटेच्या कुणाशी गाठ घालून दिली की तो टिकतो. सुट्ट्यांची यादीही हातात देते. नाशकात रंग खेळायचा तो रंगपंचमीला, रहाडींचा, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदांचा, दिवस तो. त्यामुळे आमची सुट्टी त्या दिवशी असते, धुळवडीला नाही. बाहेरून आलेले धुळवडीला गावी जायचं तिकीट काढून बसतात.

आणि पहिला पगार. ऑफरच्या कागदावरचा आकडा आणि खात्यात आलेला आकडा यांत फरक दिसला की माणसाला फसवल्यासारखं वाटतं, आणि पुष्कळ जण तिथेच सोडतात. म्हणून रुजू होण्याआधीच हिशोब कागदावर मांडते. एकूण १८,००० आणि त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता १५,००० असेल तर पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १३५, व्यवसाय कर २००. हातात १५,८६५. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३००. महिलांना पंचवीस हजारांपर्यंत तो लागत नाही. बारा तारखेला रुजू झालात तर पहिल्या महिन्यात तेवढ्याच दिवसांचे पैसे, तेही आकड्यात लिहून देते. खोलीचं डिपॉझिट द्यायचं असेल तर उचल मिळते, आणि ती कुणाकडे मागायची हे मीच आधी सांगते, त्यांच्यावर मागायची वेळ येऊ देत नाही. बुटांचे पैसे कधीही कापत नाही.

तीन महिने झाले की नव्या माणसाला तोच मराठी कागद परत देते, जो त्याला आठ दिवस आधी पाठवला होता, आणि काय राहिलं ते पेनाने लिहायला सांगते. गेल्या खेपेला भर पडली ती अशी: प्यायचं पाणी कँटीनच्या दारातल्या कूलरचं, शेडमागच्या नळाचं बोअरचं आहे.