हार्ड डिस्कमधलं दरन

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत माझ्या दुकानाकडे कुत्रंही फिरकत नाही. सगळा तालुका बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात असतो. नागभीडच्या बसस्टँडजवळ दुकान आहे. पुढे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म, मागच्या टेबलावर दुरुस्ती. त्या दिवशी पाऊस धो-धो, आणि गुरुजी धानाच्या चुंगडीत काहीतरी गुंडाळून आत शिरले. चुंगडीवर पुन्हा एक प्लास्टिक. स्वतः मात्र चिंब.

आत जुना सीपीयू निघाला. पंख्याची वायर उंदरानं कुरतडलेली, मदरबोर्डावर झुरळांचं गाव वसलेलं. हार्ड डिस्क तेवढी सोडवून घेतली. ४० जीबीची, रुंद चपट्या केबलची, जिला आम्ही आयडीई म्हणतो. आताच्या कॉम्प्युटरात ती लावायला जागाच नसते.

"याच्यात मायच्या ओव्या हायेत, बाबू. निघतीन का?"

गोष्ट अशी होती. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. २००६च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी आईला शेजारी बसवलं, ती जात्यावरच्या ओव्या म्हणे, हे टाइप करत. तीन फाइली झाल्या होत्या. एकदा प्रिंटही काढली, ती पुढे उधईनं खाल्ली. २००९मध्ये व्हायरस आला म्हणून एकाला बोलावलं, त्यानं विंडोज एक्सपी नव्यानं टाकून दिली. "सगळं साफ करून देलं" असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. दोन वर्षांनी आई गेली. त्यानंतर गुरुजींनी कॉम्प्युटर जवळजवळ लावलाच नाही.

हे शेवटचं वाक्य ऐकून मला हायसं वाटलं. एक्सपीच्या फॉरमॅटनं डेटा जात नाही, त्याची यादी जाते. घर तिथंच असतं, ग्रामपंचायतीच्या दप्तरातून नाव कटतं इतकंच. नंतर त्या जागेवर दुसऱ्यानं बांधलं की मग मात्र खेळ खलास. म्हणून फाइल उडाल्यावर मशीन बंद ठेवणारा माणूस मला देवासारखा वाटतो. बहुतेक जण नेमकं उलट करतात. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर शोधून त्याच डिस्कवर डाउनलोड करतात.

पण आधी डिस्क ओळखली तर गेली पाहिजे. कन्व्हर्टर लावला, डिस्क फिरली, टक-टक केलं आणि गप्प. दुसऱ्या एका दुकानात "उडाली, फेका" असं गुरुजींना सांगून झालं होतं. मी खालचा हिरवा बोर्ड उघडला. चांदणीच्या आकाराचे स्क्रू असतात, त्यांचा पाना माझ्याकडे आहे. (वरचं झाकण उघडायचं नाही. आतली हेड चकतीच्या इतकी जवळून तरंगते की धुळीचा एक कणही तिला डोंगर होतो.) बोर्डाच्या आतल्या बाजूला जे बारीक ठिपके हेडच्या तारांना टेकतात, ते काळे पडले होते. इतकी वर्षं दमट पडवीत, दुसरं काय होणार. पोराच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं, ठिपके घासले, स्क्रू कसले. डिस्क लागली! गुरुजींना वाटलं झालं काम. मी म्हटलं, आता तर सुरू होतंय.

अशा डिस्कवर थेट शोधाशोध करत नाहीत, आधी तिची नक्कल काढतात. त्यासाठी मी डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम वापरतो. तो चांगला भाग आधी उचलतो, अडलं तिथं खूण करून पुढे जातो आणि शेवटी खुणांवर परत येतो. रात्री दोनदा लाईन गेली. लॅपटॉप इन्व्हर्टरवर तगला, डिस्क बंद पडली. पण खुणांची नोंद शाबूत असल्यानं जिथं थांबला तिथूनच पुढे गेला. सकाळपर्यंत १२ एमबी सोडून सगळं आलं.

मग नकलेवर फोटोरेक हा दुसरा प्रोग्राम चालवला. हा यादी बघतच नाही, प्रत्येक फाइलच्या सुरुवातीची ठरावीक खूण पाहून फाइली वेचतो. वेचल्या १,१४० वर्ड फाइली. नाव नाही, फोल्डर नाही, नुसते क्रमांक. पोषण आहाराचे तक्ते, निकाल, बदलीचे अर्ज. अर्ध्या अधिक फाटक्या.

आणि सगळं कृतिदेवमध्ये. या जुन्या फाँटांची गंमत अशी, की संगणकाच्या लेखी तिथं मराठी नसतंच. तुम्ही इंग्रजी ई दाबता, तो ईच साठवतो, दाखवताना तेवढं 'म'चं चित्र दाखवतो. फाँट नसेल तर 'मराठी'च्या जागी ई-जे-के-बी-एच दिसतं. दुसऱ्या कुणी असली फाइल उघडली तर करप्ट म्हणून उडवली असती. मी मात्र दहा वर्षं याच फाँटात लग्नपत्रिका केल्या आहेत, त्यामुळे शब्द आठवला की बोटं आपोआप हलतात. मी 'दळण' शोधायला घेतलं: एन, मोठा जी, टिंब, के. शून्य. 'बाई' शोधलं तर शाळेतल्या सगळ्या बाई सापडल्या.

दुपारी गुरुजींना फोन लावला. ते बांधीत होते. म्हटलं, एखादी ओवी सांगा, आठवेल ती. पलीकडून पावसाचा आवाज, बायकांचा गलका, आणि मग गुरुजींनी चक्क गाऊनच दाखवली:

दरन दरता बाई, दिस आला कवेलूवर
मंडईचा माजा भाऊ, वाट पायतो धुऱ्यावर

मी कपाळावर हात मारला. दरन! आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीत ळ नाही, ण नाही. माझी आजी जन्मभर दरनच म्हणाली, पण कीबोर्डपुढे बसलो की मी शुद्ध होतो. गुरुजींनी मात्र माय म्हणेल तसंच उतरवलं होतं.

एन-जे-यू. नऊ फाइली आल्या. त्यातल्या सात निघाल्या गुरुजींच्या इंग्रजी व्याकरणाच्या प्रश्नपत्रिका, कारण 'कंजंक्शन'च्या पोटातही एन-जे-यू असतात. उरल्या दोन. एक अख्खी, ३८ पानांची. दुसरी सहा पानं नीट, पुढे नुसता चिखल; तिच्या जागेवर एक्सपीनं घर बांधलं होतं. तिसरी सापडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. मी रात्रीच मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवला होता, म्हणजे पुढे कुठल्याही मोबाइलवर वाचता येईल. स्क्रीनवर पहिलं पान उघडलं. गुरुजी पुढे वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले.

"हे लाल लाल काय हाय?"

"कॉम्प्युटरला ते शब्द चुकीचे वाटतात, गुरुजी."

दरन, डोरा, कारा, शारा. एकेका ओळीखाली तीन-तीन रेघा. गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत.

"तेहतीस वरसं मीच करत होतो हे," ते म्हणाले. "पोट्ट्यानं वहीत 'शारा' लिवलं का मारली रेघ. अन् घरी येऊन मायजवर बसलो."

मी रेघा बंद केल्या आणि प्रिंट सोडली. २२वं पान निघालं आणि लाईन गेली. लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर ओढत नाही. गुरुजींनी दाराबाहेर आभाळाकडे पाहिलं. त्यांचं गाव घोडाझरीच्या जंगलाला लागून, आठवड्यापासून वाघ रस्त्यावर दिसत होता. दिवेलागणीच्या आत पोचायलाच हवं. पेनड्राइव्ह देत होतो, तो त्यांनी माझ्याच टेबलावर ठेवला. २२ पानं प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि चुंगडीत घातली.

"बाकीची सोरा उद्या काढून ठेव," दारातून म्हणाले. "अन् ते लाल वापस नको येऊ देऊ."