तुम्ही विचारलंत म्हणून: खारपाणपट्ट्यातली पोरं समुद्रावर

"मॅडम, आपल्या पोरांना पुढे नांगरच धरायचा. मग एवढ्या लांब नेऊन त्यांना होडी कशाला शिकवता?" हा प्रश्न मला पालकसभेत विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. शेगाव स्टेशनवर पोरं आणि पिशव्या मोजत असते तेव्हा अनोळखी माणसंही विचारतात. गाडीची घाई असते, उत्तर अर्धवट राहतं. आज सवडीनं देते.

आमचं गाव बुलडाणा जिल्ह्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. माती काळीभोर, पण खालचं पाणी खारं. विहीर भरलेली असूनही ओलीत करायची सोय नाही. ते पाणी देत राहिलं तर जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक, होते. प्यायला टँकरची नाहीतर नळयोजनेची वाट पाहायची. किडनीच्या आजारानं माणूस गेलेली घरं माझ्या वर्गातल्या पोरांची आहेत. 'खारं' हा शब्द त्यांना शिकवावा लागत नाही.

पहिल्या वर्षी मालवणला पोचलो. मुंबईहून रात्रीची कोकणकन्या, सकाळी कुडाळ, पुढे एसटी. किनाऱ्यावर उतरताच आठवीतल्या एका पोरानं ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं आणि ओरडला, "बाप्पा! हे तं आपल्या हिरीहूनबी खारं हाये!" खरंच होतं ते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. पण माझ्या मनात राहिलं ते दुसरंच: पहिल्यांदा समुद्र पाहणारं पोर त्याची तुलना घरच्या विहिरीशी करत होतं.

त्याच दिवशी आम्ही सिंधुदुर्गात गेलो. 25 नोव्हेंबर 1664 ला या किल्ल्याचं काम सुरू झालं. कुरटे बेटावर, चहूकडे लाटा, आणि तटाच्या पायात ओतलेलं शिसं. एरवी पोरं हे सगळं ऐकतात आणि सेल्फीकडे वळतात. आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत म्हटल्यावर मात्र सगळी थबकली. समुद्रात गोडं आणि आपल्या जमिनीत खारं, हे कसं काय? मी उत्तर दिलं नाही. त्यांना काठावर बसवून भांडू दिलं. शेवटी एका मुलीनं जुळवलं: पाऊस बेटाच्या खडकात मुरतो, गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर राहतं, आणि बेताबेतानं उपसलं तर टिकतं. गडावर राहणाऱ्यांना पाण्याचा हिशोब ठेवावा लागला असणार, हे तिनंच पुढे जोडलं. महाराजांच्या आरमाराबद्दल मी वर्षभर जे बोलले, त्याहून हा अर्धा तास जास्त मोलाचा होता असं मला वाटतं.

आता होडीचं. आम्ही मुद्दाम शिडाची होडी ठरवतो. इंजिनाच्या बोटीत पोरं नुसती बसून राहतात. शिडाच्या होडीत प्रत्येकाच्या हाताला काम असतं. आमचे नाखवा पहाटेच बोलावतात. "पयलो वारो बघा, मगे शीड," एवढंच म्हणतात आणि गप्प राहतात. पोरं तोंड फिरवून गालावर वारा शोधतात. भूगोलाच्या पुस्तकात मतलई वारे आणि खारे वारे बाणांनी काढलेले असतात, परीक्षेत दोन गुणांना येतात. इथं पहाटेचा मतलई वारा पाठीशी घेऊन होडी जमिनीपासून दूर जाते आणि दुपारी खारा वारा तिला परत आणतो. जमीन लवकर तापते, लवकर निवते, हे वाक्य त्या दिवशी दोरीच्या ओढीतून तळहाताला कळतं. भरतीचंही तसंच. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उताराची भरती-ओहोटी. नाखवा तिथीवर बोलतात, आणि तिथी तर आमच्या पोरांच्या आज्यांना तोंडपाठ.

पूर्वी शिडं सुती कापडाची असत, असं नाखव्यांनी सांगितलं तेव्हा कापूसवाल्यांची ही पोरं एकदम जवळ सरकली. मग मी खामगावची गोष्ट काढली. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्रज गिरण्यांची नजर वऱ्हाडावर आली. 1870 मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. इथल्या गाठी मुंबईला, तिथून जहाजानं विलायतेला. आपल्या खापरपणज्याचा कापूस ज्या पाण्यावरून गेला ते पाणी परकं कसं? आणि आमची पूर्णा चांगदेवला तापीला मिळते, तापी खंभातच्या आखातात जाते. आमच्या नाल्याचा गाळसुद्धा याच अरबी समुद्राच्या वाटेवर असतो.

ओहोटीला खडक उघडे पडतात तेव्हाची सकाळ मला सगळ्यात प्रिय. कालवं, खेकडे, बोट जवळ नेताच मिटणारं समुद्रफूल. मालवणचा हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, इथं प्रवाळ आहेत. एक पोरगा दगड समजून त्यावर पाय ठेवणार होता, नाखव्यांनी दंड धरून मागे ओढलं. तो दगड म्हणजे जिवंत प्राण्यांची वस्ती, आणि ती फार सावकाश वाढते. पुढचा तासभर तो पोरगाच बाकीच्यांना अडवत होता. डॉल्फिन दिसले की आरडाओरडा होतोच, त्याबद्दल वेगळं काय सांगू.

भीतीचं विचाराल तर ती मलाही वाटते. पोरं आधी तालुक्याच्या तलावात पोहायला शिकतात, मगच सहलीच्या यादीत नाव लागतं. एका वर्षी एका होडीवाल्यानं जॅकेटं पुरेशी नसताना "काही होत नाही" म्हटलं. आम्ही त्या दिवशी किनाऱ्यावरच बसलो. पोरं रडली, तरी बसलो.

परत आल्यावर त्या विहिरीवाल्या मुलीनं शाळेच्या प्रयोगशाळेतला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यातले क्षार मोजायचं यंत्र, मागितला. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात, हे तिनं वहीत वर लिहून ठेवलं आणि खाली गावातल्या विहिरींची नावं. कोणाच्या विहिरीत कोणत्या महिन्यात किती, असा तक्ता आता शाळेच्या भिंतीवर आहे. मार्चमध्ये आकडे चढतात, पावसाळ्यानंतर उतरतात, हे पोरांनी स्वतः पाहिलं. गेल्या आठवड्यात एक आजोबा बाटलीत पाणी घेऊन शाळेच्या फाटकापाशी उभे होते. म्हणाले, "मॅडम, त्या समुद्रावाल्या पोरीले सांगा, आमच्याबी हिरीचं पाहून दे."